आर्नोकाठची छत्री

माझी भाची सध्या इटलीतील फ्लॉरेन्स येथे भित्तिचित्रांच्या जतनाचे शिक्षण घेत आहे. बडोद्यास ललितकलेची पदवी घेऊन ती गेल्या वर्षी तिकडे गेली. त्यासाठी माझ्या धाकट्या भावाने दांडिया बाजारातील राहते घर बँकेकडे गहाण ठेवले आहे. त्यामुळे तिचे प्रत्येक छायाचित्र आमच्या घरी दोन दृष्टींनी पाहिले जाते. आई नात वाळली की काय ते पाहते, तर वहिनी मागच्या उपाहारगृहाकडे नजर टाकून मनाशी युरोचे रुपये करीत बसते.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिने कळविले की, शनिवारी सिएनास जाणार आणि रविवारी नदीकाठी. वहिनीचा संयम सुटला. "तुला शिकायला पाठवलंय की फिरायला?" ती फोनवर म्हणाली. खरे सांगते वाचकहो, मीही वहिनीचीच बाजू घेतली. म्हातारपणी उपदेश स्वस्त असतो. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आत्या, मला शिकायचंय ते भिंतींवरच आहे गं. भिंत काही माझ्या खोलीत चालत येत नाही."

ती गेली. बोललेले माझ्या मनाला लागून राहिले होते, म्हणून मी तिला निरोप धाडला की, जे पाहशील ते मराठीत लिहून पाठव. तिने चार पाने लिहिली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, मधूनच गुजराती शब्द डोकावत होते. पण पत्र मी तीनदा वाचले.

सिएना हे टेकडीवरचे विटांचे गाव. फ्लॉरेन्सहून बसने सव्वा तासाच्या वाटेवर. तेथील नगरसभेच्या दालनात अंब्रोज्यो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338–39 साली उत्तम राज्यकारभार आणि वाईट राज्यकारभार यांची चित्रे भिंतींवर रंगविली. चांगल्या राज्यात गवंडी घर बांधीत आहेत, दुकाने उघडी आहेत, शेतकरी वेशीतून माल आणीत आहेत. वाईट राज्यात घरे ढासळली आहेत आणि शेते ओसाड पडली आहेत. कारभारी ज्या खोलीत बसून निर्णय घेत, त्याच खोलीत हे चित्र डोळ्यांसमोर राहावे, ही योजना! भाची लिहिते की, तिला तेथे गुलाममोहम्मद शेख यांची आठवण झाली. बडोद्याच्या ललितकलेचे हे विद्यार्थी व पुढे तेथलेच अध्यापक 1963 ते 1966 या काळात लंडनला शिकत होते. सिएनाच्या या जुन्या चित्रकारांचे ऋण ते सांगत आले आहेत. त्यांनी 1981 ते 1984 या वर्षांत आपल्या बडोद्यावर जे मोठे चित्र केले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यांच्याही आधी ज्योती भट्ट 1961–62 साली नेपल्सच्या कला अकादमीत शिकून आले. म्हणजे बडोद्याची मुले इटलीच्या भिंती पाहत हिंडली, ती काही आजच नव्हेत.

आता रविवारविषयी. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाचे लांबलचक उद्यान आहे. ट्रामने तेथवर जाऊन ती थेट शेवटच्या टोकापर्यंत चालत गेली. तेथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोस मिळतो आणि त्या संगमावर एक छत्री उभी आहे. आपण ज्या अर्थाने राजघराण्यातील व्यक्तीची छत्री म्हणतो, तीच. खाली पागोटे घातलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

राजाराम महाराज 1870 साली विलायतेस गेले, व्हिक्टोरिया राणीस भेटले, प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे आजारी पडून 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. त्या काळी तिकडे दहनाची रीत नव्हती. नगराच्या अधिकाऱ्यांनी खास अनुमती दिली आणि दोन प्रवाहांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाला. 1872 साली त्यांची रोजनिशी लंडनला पुस्तकरूपाने निघाली आणि 1874 साली ही छत्री उभी राहिली. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेस 'इंडियानो' म्हणतात. जवळच आर्नोवर जो पूल 1978 साली खुला झाला, त्याचेही नाव तेच.

पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. वरची छत्री मात्र मेजर चार्ल्स मँट यांनी योजिली. हे नाव बडोदेकरांच्या परिचयाचे असावयास हवे. आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा याच मँटसाहेबांचा. 1881 साली ते वारले आणि चिझम यांनी 1890 च्या सुमारास ते काम पुरे केले. पत्रातले एक वाक्य येथे देते: "आत्या, मी घरापासून इतक्या लांब आले आणि समोर आपल्याच राजवाड्याच्या माणसाचं काम उभं!"

तेथूनच तिने आईला दृश्यफोन लावला. वहिनी आधी रागातच होती. पुतळा पाहून तिने विचारले, "कोण गं हा मुलगा?" भाचीने सांगितले. वय ऐकताच वहिनीचा आवाज बदलला. आमची मुलगी बावीस वर्षांची. वहिनी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, "तिथं कुणी दिवा लावतं का?" भाचीजवळ दिवा नव्हता, तिने वाटेत वेचलेली चार पिवळी पाने पायरीवर ठेवली. खर्चाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

परदेशी शिकणाऱ्या मुलांची काळजी आपण पैशांच्या भाषेत बोलतो, कारण दुसरी भाषा बोलण्याचा धीर होत नाही. वहिनीस भीती युरोची नव्हती. एवढ्या दूर लेकरास काही झाले तर, ही होती. ते तिलाही त्या दिवशीच उमगले असावे. कर्जाचे हप्ते आहेतच, ते भरावेच लागणार. पण शनिवार-रविवार हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे, हे मी माझ्यापुरते मान्य केले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे लक्ष्मी विलास पाहावयास गेलो. भाऊ जन्माने बडोद्याचा, वहिनी लग्नानंतर तीस वर्षे येथे. पण दोघांनीही राजवाडा आतून पाहिलेला नव्हता. दरबार हॉलमधील व्हेनिसच्या कारागिरीची जमीन पाहताना वहिनी चप्पल नसलेल्या पायांनीही जपून उभी होती. घरी आल्यावर तिने लेकीस फोन केला. राजवाड्याचे सारे सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि हे बघ, पुढच्या रविवारी कुठं जाणार आहेस, ते आधी कळव. गरम कपडे घालून जा."