आधी निदान, मग निकाल

शाळेतील एखादा संगणक अडला, की 'हा जुना झाला, नवा घ्या' असा निकाल चटकन दिला जातो. नाडी पाहिल्यावाचून रोग्याला असाध्य ठरविणाऱ्या वैद्यास आपण शहाणा म्हणणार नाही. मग यंत्राच्याच बाबतीत ही घाई का?

वास्तविक, आपल्या पोटात काय आहे हे संगणक स्वतःच सांगतो. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ज्या भागाचे काही अडले असेल त्यावर पिवळी खूण दिसते. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी. मॅकवर 'सिस्टम इन्फर्मेशन' पाहावे. बोली तीन, पण साक्ष एकच! कारण अशा भागांत उत्पादकाचा व नमुन्याचा क्रमांक नोंदलेला असतो आणि प्रणाली बदलली तरी तो बदलत नाही. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली त्या कंपनीने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचेही नाव तेच.

या साक्षीचा उपयोग असा. समजा, विंडोजमध्ये वाय-फाय चालत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. मूळ डिस्कवर काही बसवावे लागत नाही. तेथे वाय-फाय चालले, तर यंत्राचा भाग धडधाकट आहे. दोष विंडोजमधील ड्रायव्हरचा किंवा मांडणीचा. दोन्हीकडे त्याचे नावच नसेल, तर मात्र तो भाग, त्याची जोडणी किंवा बायोसमधील मांडणी तपासावी. अर्थात, यादीत नाव असणे म्हणजे प्रकृती ठणठणीत असणे नव्हे. रॅमची परीक्षा 'मेमटेस्ट'सारख्या साधनानेच घ्यावी लागते.

हे काम कारागिराचे, विद्यार्थ्यांचे नव्हे, असे कोणी म्हणेल. दुरुस्ती कारागिराचीच, परंतु त्याला नेमका प्रश्न विचारता येणे हे शिक्षणाचे काम आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला आणि विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' लागते. काही यंत्रांत ते असूनही बायोसमध्ये बंद असते. ते न पाहताच यंत्र भंगारात काढणे, ही आमच्या मते पालकांच्या कष्टाच्या पैशाची नासाडी होय.

विद्यार्थिमित्रहो, जे यंत्र विचारल्यावर उत्तर देते, त्याला न विचारताच टाकून देऊ नका. पुराव्यावाचून निकाल न देण्याची ही सवय संगणकापुरतीच उपयोगी पडेल, असेही नाही.