हातचे दिवस

दहावीचे निकाल लागले की मला दोन-चार फोन हमखास येतात. "तुमच्याकडे म्हणे एक एक्सेल शीट होती. जेईईचं दोन वर्षांचं सगळं प्लॅनिंग. जरा पाठवता का?"

शीट आहे. अजून जपून ठेवली आहे. पण ती मी कुणाला देत नाही. लोकांना वाटतं मी भाव खातोय. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आमच्या चिरंजिवांची दहावी झाली २०२२ च्या जूनमध्ये. निकालाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन बसलो. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स अशी तीन पानं. आडव्या ओळीत आठवडे, उभ्या रांगेत चॅप्टर. एच. सी. वर्मांच्या पुस्तकाचे दोन भाग मिळून ४७ धडे, तेही प्रत्येक आठवड्यात नीट बसवले. झालं ते हिरवं, अर्धवट ते पिवळं, राहिलं ते लाल. रात्री दीड वाजता शीट पुरी झाली तेव्हा मला इतकं समाधान वाटलं, की जणू निम्मा अभ्यास झालाच! आपल्याकडे 'आरंभशूर' असा एक फार अचूक शब्द आहे. इथे गंमत अशी, की आरंभ मी केला होता आणि शूर व्हायचं होतं मुलानं.

पहिला महिना सगळा हिरवा. दुसरा हिरवा. गणपती, नवरात्र, दिवाळी... हिरवं, हिरवं, हिरवं. मी रोज रात्री जेवून झालं की शीट उघडायचो आणि खूश व्हायचो. ऑफिसातल्या मित्रांनाही एकदोनदा दाखवली असेल.

नोव्हेंबरमध्ये क्लासची एक परीक्षा झाली. तिचा पेपर बॅगेतून खाली पडला म्हणून मी पाहिला. रोटेशनवरचे प्रश्न जवळजवळ सगळे कोरे. शीटमध्ये रोटेशन हिरवंगार! मी त्याला बोलावलं आणि लॅपटॉप पुढे करून विचारलं, "हे काय आहे?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, लाल केलं की तुम्ही जेवताना विचारता."

बस्स. एवढंच म्हणाला.

आधी मला रागच आला. मी काय त्याला मारतो का? ओरडतो तरी का? फक्त विचारतो ना! पण रात्री झोप लागेना. आणि मग आठवलं, की मी स्वतः ऑफिसात दर शुक्रवारी हेच करतो. प्रोजेक्टचा अहवाल जातो, त्यात सगळं हिरवं असतं. लाल दाखवलं की वर बोलावणं येतं, मीटिंग होते, आणि ज्या कामाला वेळ नव्हता त्याचाच आणखी वेळ मीटिंगमध्ये जातो. म्हणून सगळे जण हिरवं दाखवतात, आणि शेवटच्या महिन्यात अचानक सगळं एकदम लाल होतं. पंचेचाळिशीचा बाप जे करतो तेच सोळा वर्षांच्या मुलानं केलं. फरक इतकाच, की मला त्याचा पगार मिळतो.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. ज्या वेळापत्रकात मागे पडायला जागा नसते, ते वेळापत्रक मुलाला अभ्यास शिकवत नाही, खोटं बोलायला शिकवतं.

आता जरा हिशेब करू. लोक 'दोन वर्षं' म्हणतात. पण जेईई मेनची पहिली फेरी बारावीच्या जानेवारीत असते. जून ते पुढच्याच्या पुढचा जानेवारी, म्हणजे १९ महिने. साधारण ५८० दिवस. आमच्याकडे त्या वर्षी अकरावीच्या प्रवेशफेऱ्याच ऑगस्टमध्ये चालल्या होत्या, ते सोडूनच द्या. कॉलेजच्या सहामाही, वार्षिक, प्रॅक्टिकल, जर्नलं पुरी करणं, यात ६० दिवस गेले. दोन गणपती, दोन दिवाळ्या, २५. ताप, सर्दी, एकदा डेंग्यू, १५. मावशीच्या मुलीचं लग्न वगैरे, १०. ८० रविवार क्लासच्या परीक्षांचे. पेपर सकाळी असतो, पण संध्याकाळ त्या पेपरच्या दुःखात जाते. उरले किती? चारशेच्याही खाली. माझ्या शीटमध्ये ५८० च्या ५८० दिवस मी वापरले होते. दिवाळीच्या पाडव्याला 'केमिकल बाँडिंग' लिहिलं होतं!

असं करणारा मी एकटा नाही, हे नंतर वाचनात आलं. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या या खोडीवर १९७९ सालीच लिहून ठेवलंय. कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना आपण सगळं सुरळीत होणार असंच धरून चालतो. कानेमाननी स्वतःचाच किस्सा सांगितलाय. इस्रायलमध्ये शाळांसाठी एक अभ्यासक्रम तयार करायचा होता. गटातल्या सगळ्यांचा अंदाज पडला दोन वर्षांच्या आसपास. काम संपायला लागली आठ वर्षं. आणि अभ्यासक्रमाचा विषय काय होता? निर्णय कसे घ्यावेत! तर अशा माणसांची ही गत, तिथे आपली एक्सेल शीट काय टिकणार.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. 'पूर्ण' हा रकानाच खोटा होता. समजा, मुलानं प्रामाणिकपणे सप्टेंबरमध्ये रोटेशन पुरं केलं. ते परीक्षेपर्यंत, म्हणजे पुढचे सोळा महिने, डोक्यात तसंच राहील का? हर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थानं निरर्थक अक्षरं पाठ करून, आपण ती किती वेगानं विसरतो हे स्वतःवरच मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. पहिल्या दिवसातच बरंचसं निघून जातं. पण मधे अंतर ठेवून पुन्हा पुन्हा केलं की टिकतं. म्हणजे धडा 'पूर्ण' होत नसतो. तो पहिल्यांदा होतो, दुसऱ्यांदा होतो, तिसऱ्यांदा होतो. माझ्या शीटमध्ये दुसऱ्या वेळेला जागाच नव्हती.

मग आम्ही काय केलं? (इथून पुढचं श्रेय माझं नाही. बायको म्हणाली, "तू आधी तो लॅपटॉप बंद कर.")

शंभर पानी वही आणली. ती त्याची, त्याच्या अक्षरात. १९ महिन्यांचा फक्त क्रम ठरवला, तारखा नाहीत. कारण क्रमाला खरंच अर्थ असतो. न्यूटनचे नियम आणि सेंटर ऑफ मास कच्चं असेल तर रोटेशन कळतच नाही. व्हेक्टर आणि थोडं इंटिग्रेशन येत नसेल तर इलेक्ट्रोस्टॅटिक्स म्हणजे नुसती घोकंपट्टी. तारखा लिहायच्या त्या पुढच्या तीन आठवड्यांपुरत्याच. आठवड्यातले पाच दिवस नवीन, एक दिवस जुन्या धड्यांचा, आणि एक दिवस कोरा. बेरजेत आपण हातचा ठेवतो ना, तसा तो हातचा दिवस. काही राहिलं असेल तर त्या दिवशी भरून काढायचं. नसेल राहिलं, तर क्रिकेट. चौथा आठवडा सगळाच हातचा.

आणि आम्हा दोघांना नियम घालून दिला. वही उघडायची नाही. जेवताना अभ्यासाचं बोलायचं नाही. रविवारी रात्री एकच प्रश्न विचारायचा: "काय अडलंय?" पहिले तीन रविवार उत्तर आलं, "काही नाही." चौथ्या रविवारी तो अर्धा तास बोलला.

तारखा न लिहिण्याचा एक फायदा असा झाला, की १ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे परीक्षेला तीन महिनेही उरले नव्हते तेव्हा, जेईई मेनचा अभ्यासक्रमच कमी झाला. पॉलिमर, कम्युनिकेशन सिस्टिम्स, मॅथेमॅटिकल रीझनिंग, सगळं बाहेर. माझ्या शीटमध्ये यांचे आठवडे ठरलेले होते. वहीत काय, चार ओळींवर काट मारली.

"अहो पण स्पर्धा केवढी आहे! कोरे दिवस कसे परवडणार?" हा प्रश्न येतोच. स्पर्धा आहे, मान्य. २०२४ ची जेईई मेन चौदा लाखांहून जास्त मुलांनी दिली. त्यातली वरची अडीच लाख ॲडव्हान्स्डला पात्र, आणि २३ आयआयटी मिळून जागा सतरा-अठरा हजार. पण याच आकड्यांतून मला उलटा अर्थ दिसतो. दोन वर्षांची आखणी करणाऱ्या बहुतेक घरांतली मुलं आयआयटीत जाणार नाहीत. हे कटू आहे, पण साधं अंकगणित आहे. मग त्या दोन वर्षांतून मुलाकडे काय उरणार, याचाही विचार आखणीतच नको का? आपलं काय अडलंय ते न घाबरता सांगता येणं, एवढं उरलं तरी पुष्कळ.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कोट्यातल्या वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग लावायचा आदेश निघाला. ती बातमी मी आणि बायकोनं एकत्रच वाचली. दोघंही काही बोललो नाही. मला तो 'हिरवा' नोव्हेंबर आठवला.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या एमएचटी-सीईटीला 'नाही तर आहेच की' म्हणून शेवटच्या आठवड्यावर सोडू नका. ती वेगळी कसरत आहे. जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न सोडवायचे, चुकलं की एक गुण कापला जातो. सीईटीत तेवढ्याच वेळात १५० प्रश्न, आणि गुण कापत नाहीत. अभ्यास बराचसा तोच, वेग मात्र दुप्पट. त्या वेगासाठी शेवटचे काही आठवडे वहीत वेगळे राखून ठेवा.

आमचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. चिरंजीव ॲडव्हान्स्डला पात्र झाले, पण तिथे रँक काही आला नाही. सीईटीतून राज्यातल्याच एका कॉलेजात प्रवेश मिळाला. निकालाच्या दिवशी त्यानं स्वतःहून येऊन सांगितलं. लपवलं नाही, की फोन बंद करून बसला नाही. "मॅथ्समध्ये वेळ पुरला नाही बाबा," म्हणाला, आणि मग आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो.

वही त्याच्याकडेच आहे. मी अजून ती उघडून पाहिलेली नाही.

शीट मात्र माझ्याकडे आहे. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत सगळी हिरवी. मागू नका.