नॉन-ब्लॉकिंग आणि 'सावकाश होऊ दे'

या विकांताला आई-बाबांना घेऊन गणपतीपुळ्याला आलोय. लॅपटॉप आणायचा नाही असं ठरलं होतं, आणला नाही. पण शनिवारी सकाळी ऑफिसातून फोन आलाच. "अरे, पुशची प्रोसेस परत मेली. मेमरी फुल. काय करू?" म्हटलं, रीस्टार्ट कर, सोमवारपर्यंत दुसरं काही करू नकोस. त्यानंतर दिवसभर नजर समुद्रावर आणि डोक्यात सॉकेट. म्हणून शेवटी फोनवरच हे टंकतोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

आमचा सर्व्हर ट्रकांचं लोकेशन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या आणि ड्रायव्हरांच्या फोनवर थेट पाठवतो. प्रत्येक फोनची एक टीसीपी जोडणी, कायम उघडी. आधी प्रत्येक जोडणीला एक थ्रेड होता. जोडण्या वाढल्या, ते झेपेना, म्हणून मागच्या वर्षी सगळं इव्हेंट-ड्रिव्हन केलं. टाळ्या पडल्या, प्रेझेंटेशन झालं. आणि तेव्हापासून प्रोसेस मरायला लागली.

तसा हा विषय जुना आहे. एका मशीनवर दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेलनं १९९९ मध्ये मांडला होता. तेव्हाचा 'सिलेक्ट' हा कॉल साधारण १०२४ सॉकेटांवर अडायचा, शिवाय दर वेळी अख्खी यादी तपासायचा. फ्रीबीएसडीत २००० साली 'केक्यू' आलं, लिनक्सच्या २.६ आवृत्तीत २००३ च्या डिसेंबरात 'ईपोल' स्थिरावलं. आता कर्नल फक्त तयार असलेले सॉकेट हातात देतं. इगोर सिसोएवचा 'एन्जिनएक्स' २००४ मध्ये याच पायावर आला. म्हणजे हजारो जोडण्यांवर एका थ्रेडनं लक्ष ठेवणं हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीच सुटलाय. मग आमचं काय बिघडलं?

माझं मत असं की आपण वाचायची बाजू नॉन-ब्लॉकिंग करतो आणि लिहायची बाजू विसरतो. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर 'राइट' केलं की कर्नल कधी सगळं घेतं, कधी अर्धंच, कधी 'ईअगेन' म्हणतं, म्हणजे आत्ता जागा नाही, नंतर ये. उरलेलं आपण आपल्या बफरमध्ये ठेवायचं, 'लिहायला जागा झाली की सांग' असं ईपोलला सांगायचं, आणि बफर रिकामा झाला की ते सांगणं काढून टाकायचं. (काढायला विसरलात तर सीपीयू १०० टक्के. पहिल्याच आठवड्यात आम्ही हा पराक्रम केला होता.) इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण तो बफर किती वाढू द्यायचा? आमच्या कोडमध्ये याचं उत्तर होतं: कितीही.

आता गंमत बघा. जुन्या थ्रेडवाल्या कोडमध्ये हा प्रश्नच नव्हता. फोन हळू असला की 'राइट' अडकायचं, थ्रेड तिथेच उभा राहायचा, आणि सुटल्यावरच पुढचं लोकेशन घ्यायला जायचा. अडकणं म्हणजे मागच्याला आपोआप 'थांब' म्हणणं होतं. आम्ही ते अडकणं काढलं आणि त्या 'थांब'च्या जागी काहीच ठेवलं नाही.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवायला गेलो होतो. वाढायला एकट्या काकू, आठ-दहा पानं. कोणापाशी थांबून राहत नव्हत्या, सगळ्यांकडे लक्ष. बाबा दात काढून घेतल्यापासून फार हळू जेवतात. आईनं त्यांच्यासाठी दुसरा मोदक मागितला तर काकू म्हणाल्या, "काका, आधी हा संपवा, मग गरम आणते. सावकाश होऊ दे." आमचा सर्व्हर असता तर त्यानं बाबांच्या पानात दर सेकंदाला एक मोदक टाकला असता, छतापर्यंत.

हिशोब करू. समजा एका ट्रान्सपोर्टवाल्याचे १०० ट्रक, प्रत्येकाचा दर सेकंदाला २०० बाइटचा निरोप. फोनची रेंज गेली. फोन काही राम राम म्हणून जात नाही, जोडणी बंद झाल्याचं पॅकेट येतच नाही. पाठवलेल्या डेटाची पोच येत नसेल तर लिनक्स आपल्या नेहमीच्या सेटिंगवर साधारण १५ मिनिटं प्रयत्न करत राहतं. तेवढ्यात त्या एका फोनसाठी १८ एमबी साचले. असे ५०० फोन, की ९ जीबी.

हे मला कळलं ते देवळामागच्या टेकडीला प्रदक्षिणा घालताना. टेकडीच्या मागे माझी रेंज गेली, मग एक कांडी आली. आमचं अ‍ॅप उघडलं तर ट्रक आंबा घाटात. ऑफिसला विचारलं, तर तो कधीच साखरप्याला पोचला होता. टीसीपी क्रम मोडत नाही, त्यामुळे मला आधी सगळी शिळी लोकेशनं रांगेनं मिळत होती. पुण्यात ऑफिसच्या वायफायवर हे कधी दिसलंच नसतं.

यावर आमच्याकडे तीन सूचना आल्यात. एक, रॅम वाढवा. यानं प्रोसेस शुक्रवारऐवजी रविवारी मरेल. दोन, 'आयओ यूरिंग' किंवा जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड वापरा. दोन्ही उत्तम आहेत, व्हर्च्युअल थ्रेडमुळे तर ते अडकणं परत मिळतं, पण मध्ये अमर्याद रांग ठेवली तर तेही बुडणारच. तिसरी सूचना मला सगळ्यात खटकते: ५ सेकंदांत वाचत नाही त्याची जोडणी तोडा. अरे, घाटातल्या ड्रायव्हरची जोडणी हळूच असणार! त्याच्यासाठीच तर हे सगळं बनवलंय.

मी सोमवारी मांडणार आहे ते साधं आहे. लोकेशनसाठी रांगच नको, प्रत्येक ट्रकचं फक्त ताजं लोकेशन ठेवायचं. जुनं पुसून नवं. १०० ट्रकांचे २० केबी, रेंज १५ मिनिटं जावो की तासभर. शिवाय 'टीसीपी यूजर टाइमआउट' एका मिनिटावर आणायचा, म्हणजे हळू चालणारा राहतो आणि खरंच गेलेला सुटतो.

'ट्रिप रद्द' असले निरोप मात्र पुसून चालणार नाहीत. त्यांना क्रमांक द्यावा लागेल, आणि परत जोडल्यावर फोननं 'माझ्याकडे अमुकपर्यंत आहेत' असं सांगावं लागेल. म्हणजे अ‍ॅपही बदलणार, आणि अ‍ॅपची टीम या महिन्यात वेळ देईल असं वाटत नाही. तोपर्यंत त्या रांगेला ६४ केबीची मर्यादा, आणि ती भरली की जोडणी तोडून सगळं ताजं चित्र नव्यानं द्यायचं. अर्धवट आहे, मान्य. कोणी याहून बरं केलं असेल तर जरूर सांगा.

हे लिहिता लिहिता परत फोन आला. रीस्टार्ट केलंय म्हणे. माझ्या फोनवर ट्रक अजून आंबा घाटातच आहे.