चावी काढून घेण्याआधी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे अंतरे लांब आहेत. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे वडसा येथे जेमतेम शिवून जाते. अहेरी, एटापल्ली, सिरोंचाला जायचे तर रस्ताच धरावा लागतो. म्हणून सत्तरी गाठलेले अब्बाही बाजार, बँक, मशीद आणि लेकीचे घर मोटारसायकलवरच गाठतात. एक दिवस गाडी घसरते आणि मुलगा चावी काढून घेतो. त्याची काळजी खरी असते. पण चावीबरोबर अब्बांची जुम्याची नमाज, दोस्तमंडळी, चार पावले बाहेर पडणे, सगळेच सुटते.

आम्हाला वाटते, आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहावे. तो बहुधा अंधारात असतो. फजर आणि इशाची जमात अंधारातच होते. मूल, मोहर्ली, आलापल्लीच्या जंगलरस्त्यांवर रानडुक्कर, चितळ, कधी वाघही पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतो. मोतीबिंदू असेल तर समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यांत पसरतो आणि जनावर दिसतच नाही.

तेव्हा घरात बसून ठरवावे: गाडी दिवसाउजेडी आणि गावातच चालवायची, कोळशाच्या ट्रकांचा रस्ता टाळायचा, हेल्मेट घालायचेच. फजर-इशाला मोहल्ल्यातल्या एखाद्या तरुणाने अब्बांना मागे बसवून न्यावे. सोबत मिळाली नाही, तर घरी नमाज पढावी. आजार आणि भीती यांसाठी शरीअतने सवलत ठेवली आहे.

वर्षातून एकदा डोळे आणि साखर तपासावी. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळीने गुंगी येत असेल तर त्या दिवशी गाडी नको. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्सचे नूतनीकरण ५ वर्षांसाठीच होते आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. तो नुसता सहीपुरता न घेता खरी तपासणी करून घ्यावी.

लांबच्या प्रवासाला एसटी आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे तिकीट. मार्च २०२३ पासून अम्मीलाही निम्मेच. आधार कार्ड खिशात असू द्यावे आणि पहिल्या एक-दोन खेपांना नातवाने सोबत जावे.

गाडीवर नवे नवे ओरखडे दिसू लागले, ओळखीचे वळण चुकू लागले, ब्रेक उशिरा लागू लागला, तर मात्र गाडी थांबवण्याची वेळ आली. हे चारचौघांत सांगू नये. एकांतात, अदबीने सांगावे. आणि त्याच बैठकीत जुम्याला कोण नेणार, बाजाराला कोण नेणार, लेकीकडे कधी जायचे, हेही ठरवून टाकावे. एवढे ठरले, तर अब्बा स्वतःच चावी खुंटीला अडकवतील, इन्शाअल्लाह.