खुशाली कोणाच्या खुशीची?



लाचलुचपतीचा विषय निघाला की आपल्यातला जो तो तहसील कचेरीकडे बोट दाखवितो. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिथे निदान आता काही वाटा आहेत. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. शिरूरपलीकडे, घोड ओलांडली की लागणाऱ्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली. तो कायदा २००५ पासून आहे. लाच मागितली तर १०६४ हा फोन आहे. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांत कळवावे लागते.

आम्हांस लिहावयाचे आहे ते आपल्या बांधावरच्या लाचेविषयी. तिचे नाव मोठे गोड, खुशाली!

ऊस पंधरा महिन्यांचा झालेला, तुरा डोकावू लागलेला, रान मोकळे करून गहू टाकायची घाई. तोडीची चिठ्ठी निघाली, पण टोळी काही फडात येईना. मग मुकादम हळूच म्हणतो, "अण्णा, एकरी काय ते बघा की." पुढे ड्रायव्हरची खेपेमागे एन्ट्री निराळीच. आम्हीही दिले आहेत, लपवून काय करायचे? घरी येऊन म्हणालो, चला, ऊस वेळेत गेला. आमचा गेला. पण शेजारच्या बांधावरचा, आमच्या आधी लागणीची नोंद असलेला, तो पंधरा दिवस मागे पडला. त्याच्या वजनातली घट कोणी भरून दिली?

शिवाय तोडणी-वाहतूक आपल्याच उसाच्या बिलातून कापली जाते. म्हणजे एकाच कामाची मजुरी आपण दोनदा मोजतो.

कोयतेवाल्यांवर आमचा राग नाही. बीड-पाथर्डीकडून लेकरेबाळे घेऊन येतात, कोपीत राहतात, उचल फिटता फिटत नाही. त्यांची मजुरी वाढावी, पण ती करारात वाढावी. खुशालीतले कोयत्याच्या हाती किती पडते, ते मुकादमच जाणे!

२०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस उदंड झाला, गाळप जूनपर्यंत लांबले आणि ही मागणी फारच बोकाळली. तक्रार आल्यास कारखान्याने चौकशी करावी, घेतलेली रक्कम मुकादम किंवा वाहतूकदाराच्या बिलातून वसूल करून शेतकऱ्यास द्यावी, असे साखर आयुक्तालयाने कारखान्यांना बजावले. पण तक्रार करतो कोण? पुढच्या साली ऊस पुन्हा त्याच टोळीच्या हाती जाणार, ही भीती.

म्हणून आमची सूचना अशी की, लागणीच्या तारखेसह तोडणीची यादी हंगामाआधी गावोगावी सोसायटीच्या फळ्यावर लावावी. सुरुवात कासुर्डीपासून करा. नंबर हुकला तर कोणीही शेतकी खात्याला जाब विचारील, एकट्याने पुढे यायला नको. टोळीला चहा पाजू, भाकरीही देऊ. पाकीट मात्र यंदा आमच्याकडून मिळणार नाही, मग आमचा फड सर्वांत शेवटी तुटला तरी चालेल.