पिशवीचे दहा रुपये

परवा संध्याकाळी ऑफिसातून येताना भाजी घ्यायला थांबले. पर्समध्ये हात घातला तर पिशवी नाही. सकाळी धुऊन टाकलेली, ती दोरीवरच राहिली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी माझा चेहरा बघून हसल्या. पोत्याखालून एक पातळ पांढरी पिशवी काढून त्यांनी मेथीची जुडी तीत कोंबली. ‘‘न्या ताई. पण पुढच्या वेळेला कापडाची आणा हां. गाडी कधी येईल सांगता येत नाही,’’ असंही वर बजावलं. गाडी म्हणजे महापालिकेची, दंडाची पावती फाडणारी.

त्याच आठवड्यात एका मोठ्या, एसी दुकानात गेले होते. बिल झालं चौदाशे रुपयांचं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘‘मॅम, बॅग हवी का? दहा रुपये पडतील.’’ मी ताबडतोब ‘नको’ म्हटलं आणि दोन कुर्ते, टॉवेल आणि लेकाची जीन्स छातीशी कवटाळून पार्किंगपर्यंत चालत गेले. लेक म्हणाला, ‘‘आई, चौदाशे दिलेस ना? मग दहा रुपयांनी काय होणार होतं?’’

प्रश्न बरोबर होता. मी तीच, सवयी त्याच. भाजीवालीकडे फुकट मिळाली तेव्हा बिनदिक्कत घेतली आणि दुकानात दहा रुपये म्हटल्यावर हातात ओझं घेऊन चालले. हा काही माझ्या एकटीचा कंजूषपणा नाही. अर्थशास्त्रज्ञांनी या पिशवीच्या प्रश्नावर गेली वीसेक वर्षं चक्क संशोधन केलंय. ते आपल्यापर्यंत फारसं पोचत नाही, म्हणून आज त्याबद्दल.

सुरुवात आयर्लंडची. तिथे मार्च २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंटचा कर लागला. कर दुकानदाराने स्वतः सोसायचा नाही, गिऱ्हाईकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, असा नियम होता. त्याआधी तिथला माणूस वर्षाला सरासरी ३२८ पिशव्या वापरत असे, असा अंदाज होता. कर लागल्यावर हा आकडा २१ वर आला. नव्वद टक्क्यांहून जास्त घट! गंमत म्हणजे कराच्या आधी लोकांना विचारलं होतं, की पिशवीला तुम्ही किती द्याल? उत्तर आलं होतं, सरासरी अडीच सेंटच्या आत. सरकारने त्याच्या सहापट कर लावला. डब्लिनच्या फ्रँक कॉनव्हेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला ‘युरोपातला सर्वांत लोकप्रिय कर’ म्हणावं का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला होता. लोक चिडले नाहीत, कारण बोलणी आधी झाली होती, पैसा पर्यावरण निधीत जाणार हे ठाऊक होतं आणि कर टाळणं प्रत्येकाच्या हातात होतं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, तातियाना होमोनॉफ या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा. वॉशिंग्टनच्या आसपासच्या काही दुकानांत स्वतःची पिशवी आणणाऱ्याला पाच सेंटची सूट मिळायची. पुढे तिथल्या एका परगण्यात २०१२ पासून दुकानातल्या पिशवीवर पाच सेंटचा कर लागला. हिशेबाने बघितलं तर दोन्ही सारखंच, पाच सेंट इकडे की तिकडे. पण बाईंना काय दिसलं? सूट दिल्याने लोकांच्या वागण्यात जवळजवळ फरकच पडला नव्हता. कर लागल्यावर मात्र दुकानाची पिशवी घेणाऱ्यांचं प्रमाण चाळीसहून अधिक टक्क्यांनी खाली आलं.

असं का व्हावं? डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच याचं उत्तर मांडलं होतं. माणसाला दहा रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा दहा रुपये गेल्याचं दुःख जास्त होतं. काहनेमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. आपल्या आजीला हे नोबेलविना ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी. सोड्याच्या बाटलीची अनामत परत मिळवायला ती पोराला भर उन्हात पिटाळायची.

आता आपल्याकडे वळू. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईची गटारं तुंबली, त्यात या पिशव्यांचा वाटा किती यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली आणि पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. मग मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठीच बंदी जाहीर केली. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. दंड जाहीर झाला पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार आणि तिसऱ्या वेळी पंचवीस हजार व तीन महिन्यांची कैद. आठवतंय ना, त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी कपाटं रिकामी केली होती? मासे आणायला डबे बाहेर निघाले, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून झाल्या, बचतगटांच्या शिवणयंत्रांना काम मिळालं. पण काही दिवसांतच किराणा दुकानदारांना पॅकिंगपुरती सवलत मिळाली, तपासणी सैल झाली आणि नव्याचे नऊ दिवस संपले. जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. त्या वर्षाच्या अखेरपासून पिशवी किमान १२० मायक्रॉन जाडीची हवी, असाही नियम आहे. मावशींच्या पोत्याखालची पिशवी यातल्या कुठल्याच नियमात बसत नाही. तरी ती आहे.

दिल्लीत २००९ मध्ये अशीच बंदी आली होती. तिथे कनुप्रिया गुप्ता यांनी प्रत्यक्ष दुकानांमध्ये प्रयोग करून अभ्यास केला. निष्कर्ष आपल्या अनुभवाचाच निघाला. अंमलबजावणी नसेल तर नुसती बंदी कागदावर राहते. पण लोकांना माहिती दिली, पर्यायी पिशवी दुकानातच ठेवली आणि स्वतःची पिशवी आणण्यात चार पैशांचा फायदा दाखवला, तर वागणं बदलतं. म्हणजे ‘आपले लोक सुधारणार नाहीत’ हे जे आपण उठसूट म्हणतो, ते खरं नाही.

किंमत लावली की काम संपलं, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये पिशवीला दर लावला. वापर झपाट्याने घटला. मग दुकानांनी दर कमी केले, लोकांना ते देण्याची सवय झाली आणि पिशव्या परत आल्या. आयर्लंडमध्येही आकडा हळूहळू चढू लागला तेव्हा २००७ मध्ये कर वाढवून २२ सेंट करावा लागला. दहा रुपये आज टोचतात, पाच वर्षांनी टोचतीलच असं नाही.

घरातल्या बाईला पटकन कळेल असा अभ्यास कॅलिफोर्नियातला. रिबेका टेलर यांनी तिथल्या पिशवीबंदीचा हिशेब २०१९ मध्ये मांडला. बंदीमुळे दुकानांतल्या पिशव्यांचं सुमारे १ कोटी ८० लाख किलो प्लॅस्टिक वाचलं. पण कचऱ्याच्या डब्याला लावायच्या पिशव्या लोक विकत घ्यायला लागले, त्यातून साधारण ५४ लाख किलो प्लॅस्टिक पुन्हा वाढलं. सर्वांत छोट्या कचरापिशव्यांचा खप तर दुपटीहून अधिक झाला. का, ते आपल्याला सांगायला नको! दुकानातून आलेली पिशवी आपण कधी टाकत नाही. गादीखाली घडी करून ठेवतो आणि मग डब्याला लावतो. फुकटची गेली की विकतची आली. टेलरबाईंचं म्हणणं बंदी चूक असं नाही. बचत झालीच, फक्त कागदावर दिसते तेवढी नाही.

कापडी पिशवीचं पुण्यही आपोआप मिळत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात सुती पिशवीचा कापूस पिकवण्यापासूनचा हिशेब धरला. सगळे निकष लावले तर ती ७१०० वेळा वापरावी, तेव्हा साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी होते, असं उत्तर आलं. रोज वापरली तरी एकोणीस वर्षं! फक्त हवामानबदलाचा निकष घेतला तर मात्र पन्नासेक वेळा पुरे. समुद्रात किंवा गाईच्या पोटात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा हिशेब त्यात नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी मला त्यातून एक धडा मिळाला. प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक हळदीकुंकवात नवी कोरी कापडी पिशवी वाटणं म्हणजे पर्यावरणप्रेम नव्हे. जुन्या साडीची, जुन्या पँटची पिशवी बरी, कारण तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही.

आता मला खुपणारी गोष्ट. या सगळ्याचा भार कोणावर? पिशवी पर्समध्ये ठेवायची आठवण कोणी ठेवायची? ती धुवायची कोणी? ओला-सुका कचरा वेगळा कोणी करायचा? बहुतेक घरांत उत्तर एकच. शाश्वत विकास हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या सतरा उद्दिष्टांत मोठ्या दिमाखात आला. त्यातलं बारावं उद्दिष्ट जबाबदार उपभोगाचं आहे. घरात शिरताना मात्र ते बाईचं आणखी एक काम होऊन शिरतं. बाबांच्या ऑफिसबॅगेत घडीची पिशवी का नसावी?

आणि घराबाहेर? पातळ, चिखलाने माखलेल्या पिशवीला भंगारात भाव नाही, म्हणून ती कचरावेचक बाईही उचलत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’सारख्या सहकारी संस्थेतल्या बायका घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात. आपला आळस त्यांच्या हाताखालून जातो. दंडाची पावतीही फाटायची ती बहुतेकदा भाजीवालीचीच, जिचा दिवसाचा गल्लाही पाच हजार नसतो. पिशव्या बनवणारा कारखाना तिला दिसतही नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली गत.

मोठ्या दुकानांचं वेगळंच. तिथे पिशवीची किंमत म्हणजे पर्यावरणाची काळजी की वरकमाई? चंदीगडच्या ग्राहक मंचाने २०१९ मध्ये एका पादत्राणांच्या कंपनीला कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल सुमारे नऊ हजारांचा भुर्दंड बसवला. पिशवीवर कंपनीचं नाव, म्हणजे गिऱ्हाईक पैसे देऊन त्यांची जाहिरात मिरवणार, असं मंचाचं म्हणणं. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही सांगितलं, की आधी न कळवता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे मागणं ही अनुचित प्रथा आहे. मला हा मुद्दा पटतो. आयर्लंडच्या कराचं यश यातच होतं, की तो दारातच माहीत होता आणि पैसा दुकानदाराच्या खिशात जात नव्हता. ऐनवेळी मागितलेले दहा रुपये सवय बदलत नाहीत, राग आणतात.

मग करायचं काय? सरकारकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे. २०१९ मध्ये दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत घेऊन रिकामी पिशवी परत केल्यावर ते द्यायची योजना आपल्या राज्यात जाहीर झाली होती. तुम्हाला कधी मिळाले का ते पन्नास पैसे? वरचं सगळं संशोधन सांगतं, की ही कल्पना योग्य दिशेची होती. गेलेला पैसा माणूस परत मागायला येतो. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये ‘मंजप्पै’ म्हणजे जुन्या पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम काढली. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपये टाकले की कापडी पिशवी देणारं यंत्र बसवलं. आपल्या मंडईत बचतगटाची पिशवी अनामतीवर का मिळू नये? दहा रुपये द्या, पिशवी न्या, परत आणा, दहा रुपये घ्या. भाजीवालीला दंडाची भीती नाही, विसरलेल्या बाईला अपराधी वाटायला नको आणि शिवणाऱ्या बाईला काम.

तोवर मी एक केलंय. मावशींकडे माझ्या तीन जुन्या साड्यांच्या बारा पिशव्या शिवून ठेवल्यात. विसराळू गिऱ्हाईकाला त्या दहा रुपये अनामत घेऊन देतात. पहिल्या आठवड्यात सात गेल्या. पाच परत आल्या, दोन अजून यायच्या आहेत. त्यातली एक माझ्याच दोरीवर वाळतेय.