आधी भांडण, मग आलिंगन

सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. ‘देव एकच, नावे निराळी’ हे वाक्य तिथे कोणीतरी बोलतेच. सगळे माना डोलावतात, चहा होतो आणि बैठक संपते. वाक्य खोटे नाही, पण ज्यांनी ते मराठीत रुजवले त्यांनी ते इतक्या स्वस्तात उच्चारले नव्हते.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी लिहिलेला ‘हिंदु-तुर्क संवाद’ पाहा. नावात ‘संवाद’ असला तरी सुरुवातीला ते चक्क भांडण आहे. तुर्क हिंदूच्या पुराणकथांवर तुटून पडतो, मूर्तिपूजेची टर उडवतो, सोवळ्याओवळ्यातला दुटप्पीपणा चव्हाट्यावर आणतो. हिंदूही गप्प बसत नाही. देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का, जीव मारून पुण्य कसे लाभते, असे तो विचारतो. विशेष म्हणजे नाथांनी तुर्काच्या तोंडी दुबळे मुद्दे घातलेले नाहीत. स्वतः ब्राह्मण असूनही ब्राह्मणी आचाराला झोंबेल अशी टीका त्यांनी प्रतिपक्षाला मोकळ्या हाताने बहाल केली. असे हरण्याची तयारी ठेवून लिहिणारे आजही थोडेच. शेवटी दोघांना उमगते की वाद आचारांचा होता, परमात्म्याचा नव्हे, आणि ते एकमेकांना आलिंगन देतात.

हे ऐक्य म्हणजे ‘सगळे धर्म सारखेच’ अशी सपाट भूमिका नव्हे. अद्वैत मानणाऱ्याच्या लेखी परमात्म्याला दुसरा नाही. मग हिंदूंचा देव वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा, असे म्हणायला जागाच कुठे उरते? नाथांचा उदारपणा असा तत्त्वाच्या पोटातून आला आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे. त्या स्वामींचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधल्यांचे नाव घेते, तर सूफी परंपराही त्यांना आपले मानते. त्याच चांद बोधल्यांचे शिष्य म्हणवणारे शेख महंमद श्रीगोंद्यात राहिले आणि त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. पुढे त्यांना लोक कबीराचा अवतार म्हणू लागले. नाव मुसलमानाचे, ग्रंथ योगाचा आणि भक्ती विठ्ठलाची, याचे कोडे त्या काळच्या भाविकांना फारसे पडलेले दिसत नाही. आता मात्र त्यांच्या समाधिस्थानाला मठ म्हणावे की दर्गा, यावर मोर्चे निघतात.

मात्र हा वारसा सांगताना एक लबाडी नेहमी होते. परधर्मीयाशी गळाभेट झाली की आपली उदारता सिद्ध झाली, असे आपण धरून चालतो. घरातल्या उंबरठ्याचा हिशेब तसाच राहतो. संतांच्या अभंगांत जातिभेद नाही, पण विठ्ठलाच्या मंदिरात तो होता. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे, हे प्रत्येक वारकरी डोळ्यांनी पाहतो. मे १९४७मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते अस्पृश्यांना विठ्ठलाचे दर्शन मिळावे म्हणून. त्यांच्यापुढे परधर्मीय नव्हते. ‘विश्वाचा देव’ म्हणणाऱ्या स्वजनांशीच त्यांचा सामना होता, आणि उपोषणाला सनातन्यांचा विरोध कडवा होता. एकच देव मानण्याची किंमत अशी आपल्याच माणसांत मोजावी लागते. शांतता समितीच्या चहात ती धरलेली नसते.

नाथांच्या त्या रचनेतला शेवटचा आलिंगनाचा भाग भाषणांतून वारंवार सांगितला जातो. आमची वाचकांना विनंती एवढीच की त्यांनी ती पहिल्या ओळीपासून वाचावी, आणि तुर्काने हिंदूला विचारलेले प्रश्न वाचताना पान उलटू नये.